समुद्री केबल नाही, उपग्रह नाही : नागपूरहून लंडनला निरोप कसा धाडाल?

झिरोमाईल (धागाकर्ता) | शुक्रवार, रात्री ९:०४

मंडळी, प्रश्न सरळ आहे. समुद्राखालच्या केबली बंद आहेत आणि कृत्रिम उपग्रह वापरायचे नाहीत असं धरा. नागपूरहून लंडन, दुबई आणि सिंगापूरला निरोप पाठवायचा आहे. कोणते मार्ग उरतात, कुठल्या मार्गाने किती माल जातो आणि कुठे फसतं?

कल्पनाविलास नाही हा. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन केबली तुटल्या आणि भारताची परदेशी बँडविड्थ निम्म्याच्या आसपास उतरली. टोंगाची एकुलती एक परदेशी केबल १५ जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखीत गेली, ती जोडायला पाच आठवडे लागले. २०२४ च्या फेब्रुवारीत तांबड्या समुद्रात तीन केबली एकदम गेल्या.

सरळ रेषेतली अंतरं मोजून ठेवली आहेत. लंडन साधारण ७४५० किमी, दिशा (उत्तरेपासून उजवीकडे मोजून) ३१८ अंश. दुबई २४७५ किमी, २८५ अंश. सिंगापूर ३४८० किमी, १२६ अंश. "स्टारलिंक घ्या" हे उत्तर चालणार नाही.

डार्कफायबर | शुक्रवार, रात्री ९:३१

आधी जमिनीवरचं बोलू, कारण गिगाबिटमध्ये बोलायचं असेल तर दुसरा पर्यायच नाही.

नागपूरची गंमत अशी की परदेशी जाणारा प्रत्येक बिट आधी सातशे ते हजार किलोमीटर जमिनीवरूनच मुंबईला नाहीतर चेन्नईला जातो. म्हणजे तंत्र तेच, फक्त किनाऱ्याऐवजी सीमेकडे वळवायचं. अडचण सीमेची आहे. पश्चिमेला पाकिस्तान, उत्तरेला चीन, दोन्हीकडून व्यापारी वाहतुकीची आशा नको. पूर्वेला बांगलादेश आहे. २०१६ मध्ये आगरतळ्याला कॉक्स बाजारहून १० जीबीपीएसचा दुवा मिळाला होता. पण कॉक्स बाजारला तो येतो कुठून? समुद्री केबलवरूनच! त्यामुळे या धाग्याच्या अटीत तो बाद.

उरतो नेपाळ. नेपाळ-चीन फायबर रसुवागढीच्या खिंडीतून जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालं. म्हणजे नागपूर, नेपाळ, तिबेट, चीन, पुढे कझाकस्तान किंवा रशिया आणि मग युरोप अशी सलग काच प्रत्यक्षात आहे. कोणी तुम्हाला ती वापरू देईल का, हा प्रश्न राजकारणाचा. आणि निसर्गाचाही, कारण जुलै २०२५ च्या पुरात रसुवागढीचा मैत्री पूलच वाहून गेला.

आता हिशोब. काचेत प्रकाशाला दर किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. वळणं धरून मार्ग १२ हजार किमी मानला तर एका दिशेला ६० मिलिसेकंद, हे काही वाईट नाही. १५५० नॅनोमीटरला घट दर किमी ०.२ डेसिबल (जोराचं माप, १० डेसिबल म्हणजे दहापट), म्हणजे ८० किमीच्या टप्प्याला १६. केबल २ ते ४ किमीच्या ड्रममध्ये येते, तर टप्प्यात २० ते ४० जोड. चांगल्या फ्यूजन स्प्लाइसला ०.०५ धरा, एक-दोन डेसिबल तिथे गेले. ॲम्प्लिफायरची झेप २२ ते २५ डेसिबल. वर जी शिल्लक दिसते ती जेसीबीसाठी असते! प्रत्येक तुटीला मधे तुकडा घालावा लागतो, म्हणजे दोन नवे जोड. रस्ता रुंदीकरणाच्या दोन हंगामांत टप्पा कोरडा पडतो आणि मग लोक ॲम्प्लिफायरला दोष देतात. ओटीडीआरचा, म्हणजे काचेतली घट आणि जोड दाखवणाऱ्या यंत्राचा, आलेख जोडणीच्या दिवशीच जपून ठेवा, पुढे तुलना करायला दुसरं काही हाती नसतं.

काऊन_बे | शुक्रवार, रात्री ९:४०

म्हणजे परवानगीच मिळत नाही तर काचेचं काय लोणचं घालायचं? बिनतारी सांगा ना राजेहो. आपल्या आजोबांच्या काळात तार लंडनला जातच होती.

वीस_मीटर | शुक्रवार, रात्री १०:१५

जात होती, आणि ती महाराष्ट्रातूनच. २३ जुलै १९२७ ला लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते भारत-इंग्लंड बीम वायरलेस सेवा सुरू झाली. प्रक्षेपण पुण्याजवळ खडकीहून, ग्रहण दौंडला. पलीकडे ग्रिम्सबीजवळ प्रक्षेपण, स्केगनेसला ग्रहण. लघुलहरी, मधे ना केबल ना उपग्रह.

खडकी आणि दौंड वेगळी का ठेवली हे लक्षात घ्या. स्वतःच्या प्रक्षेपकाच्या कल्लोळात दूरचा क्षीण आवाज ऐकू येत नाही. आज नागपुरात तो कल्लोळ एलईडी दिवे, छतावरच्या सोलरचे इन्व्हर्टर आणि स्वस्त चार्जर करतात. दाट वस्तीत ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झला, सिग्नलचा जोर दाखवणारा काटा नुसत्या गोंगाटानेच एस-७ च्या खाली येत नाही. त्यामुळे शक्य असेल तर ग्रहणाची अँटेना वस्तीबाहेर, काटोल किंवा रामटेकच्या बाजूला. तेही नसेल तर मीटरभर व्यासाचा लूप, म्हणजे तारेचं कडं, घ्या आणि खटखट करणाऱ्या दिशेला त्याची नल, म्हणजे बहिरी बाजू, फिरवा. गोंगाट दहा डेसिबल उतरला तर समोरच्याने वीज दहापट केल्यासारखंच आहे.

आता भौतिकी थोडक्यात. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी आयनोस्फिअरच्या, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याच्या, एफ थरावरून, साधारण ३०० किमी उंचीवरून, वळून परत येतात. एका उडीची कमाल ४००० किमी सांगतात, त्या हिशेबाने लंडन दोन उड्यांत बसायला हवं. कागदावर बसतं. पण ३७२५ किमीच्या उडीसाठी लहर क्षितिजाला जवळजवळ चिकटून, एक-दोन अंशांनी निघावी लागते आणि घराच्या छतावरून ती तशी निघत नाही. म्हणून लंडन तीन उड्या धरा, प्रत्येक सुमारे २४८० किमी, निघण्याचा कोन ८ अंश. दुबई एका उडीत, तोच कोन. सिंगापूर दोन उड्यांत, १५ अंश.

यावरून अँटेनाची उंची ठरते, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. १४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे २० मीटर बँडचा, आडवा डायपोल (मधोमध जोडलेली अर्ध्या लहरीची तार) १० मीटरवर असेल तर त्याचा जोर ३० अंशांच्या आसपास असतो. ८ अंशांवर तो कमालीपेक्षा साडेसात डेसिबलने कमी. तोच डायपोल २० मीटरवर नेला तर ८ अंशांवर ५ डेसिबल जास्त मिळतात, म्हणजे १०० वॅटचे ३०० केल्यासारखं. ५ मीटरवर ठेवला तर उलट जवळपास ६ डेसिबल गमावले. ॲम्प्लिफायरवर पैसे घालण्याआधी पाइपावर घाला. आणि उंची छताच्या स्लॅबपासून मोजू नका, सळयांचा स्लॅब जमिनीसारखा अर्धवटच वागतो.

अंकगणित_ताई | शुक्रवार, रात्री १०:३८

एक भर. धाग्यातल्या दिशा पाहिल्या तर लंडन ३१८ आणि सिंगापूर १२६. सिडनी काढलं तर ते १२८ येतं. म्हणजे तार ईशान्य-नैऋत्य ताणली, ४८ ते २२८ अंश, तर एकाच डायपोलची एक बाजू युरोपकडे आणि दुसरी आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडे. नागपूरला हे फुकटात मिळतं. दुबई ३३ अंश बाजूला पडते, पण तिथवर एकच उडी असल्याने चालून जाईल.

काऊन_बे | शुक्रवार, रात्री १०:४४

ताई, मी एंड-फेड तार लावायचं म्हणून राहिलो. एकच टोक बांधायचं, चार बँड मिळतात. दिशा तीच ठेवू ना?

वीस_मीटर | शुक्रवार, रात्री ११:०२

नका ठेवू भाऊ. २०.२ मीटरची एंड-फेड तार ४० मीटर बँडला अर्धी लहर असते, तेव्हा ताईंचं गणित लागू. पण २० मीटर बँडला तीच तार पूर्ण लहर होते. मग जोर तारेला काटकोनात जात नाही. चार पाकळ्या पडतात, तारेपासून ५० ते ५५ अंशांवर, आणि काटकोनात खड्डा. ईशान्य-नैऋत्य ताणली तर लंडन नेमकं खड्ड्यात! एंड-फेडच वापरायची असेल तर तार साधारण पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे एक पाकळी ३२० च्या आसपास आणि एक १४० च्या आसपास पडेल.

साहित्य सांगतो. रोध जुळवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा कोअर एफटी२४०-४३. प्राथमिक २ वेढे, दुय्यम १४, म्हणजे रोध ४९ पटीने बदलतो. प्राथमिकवर १०० पिकोफॅरडचा ३ किलोव्होल्ट सिरॅमिक कपॅसिटर, नाहीतर १५ आणि १० मीटरला एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनातून परत फिरणाऱ्या लहरीचं माप, चढतो. कोॲक्स केबलवर रिगकडून (रेडिओसंचाकडून) मीटरभर आधी चोक, एफटी२४०-३१ कोअरवर आरजी-५८ चे दहा-बारा वेढे. चोक विसरला तर कोॲक्सची बाहेरची जाळी अँटेना होते, लॅपटॉपचं यूएसबी मधेच तुटतं आणि माणूस सॉफ्टवेअर बदलत बसतो. सतत डिजिटल चालवताना कोअर हाताला चटका देईल इतका तापला तर वीज कमी करा, तापला की त्याचा गुणधर्मच घसरतो.

साध्या डायपोलला लांबी काढायची तर १४३ भागिले मेगाहर्ट्झ. १४.१ ला १०.१४ मीटर, प्रत्येक बाजू ५.०७. मात्र हे उघड्या तारेचं. घरच्या वायरिंगची पीव्हीसीवाली २.५ चौरस मिमी तार घेतली तर आवरणामुळे ती विद्युतदृष्ट्या लांब वाटते, तीन ते पाच टक्के कापावी लागते. पूर्ण लांबीने सुरुवात करा आणि दोन-दोन सेंटीमीटर छाटत या, कापलेली तार परत जोडता येत नाही. मऊ तांबं आपल्या ४५ अंशांच्या उन्हात लांबतं, मे महिन्यात एसडब्ल्यूआरचा तळ सरकलेला दिसला तर नवल नाही. बांधायला साधी नायलॉन दोरी नको, उन्हाने दोन हंगामांत भुगा होतो.

झिरोमाईल (धागाकर्ता) | शनिवार, सकाळी ७:२०

उत्तम. आता वेग सांगा. या तारेतून किती जातं?

अंकगणित_ताई | शनिवार, सकाळी ८:०५

शॅननच्या सूत्राने ३ किलोहर्ट्झ रुंदीत २० डेसिबल सिग्नल मिळाला तर कमाल २० किलोबिट. प्रत्यक्षात लांब उडीवर फेडिंग (सिग्नलचा चढउतार) आणि अनेक वाटांनी आलेल्या प्रती धरून एक-दोन किलोबिट खरे.

एफटी८ या डिजिटल मोडमध्ये ७७ बिटांचा एक निरोप १५ सेकंदांच्या खिडकीत जातो, रुंदी ५० हर्ट्झ. गोंगाटाच्या २० डेसिबल खालूनही वाचतो, पण त्यात फक्त कॉलसाइन (केंद्राचं नाव), ग्रिड (नकाशावरचा चौकोन) आणि रिपोर्ट (सिग्नलचा जोर). नागपूरचा ग्रिड एमएल९१. मोकळा मजकूर हवा तर जेएस८कॉल, मिनिटाला सोळाएक शब्द. ईमेलसारखं काही हवं तर व्हारा किंवा अर्डॉप ही मॉडेम सॉफ्टवेअरं. व्हाराचा २३०० हर्ट्झचा मोड कागदावर सात हजार बिट देतो, लंडनसाठी एक हजार धरून चला. १० किलोबाइटची मेल ८० सेकंदांत. १०० किलोबाइटचा व्हॉट्सॲपचा फोटो १३ मिनिटं. ३ मेगाबाइटचा मूळ फोटो ६ तास ४० मिनिटं, तोवर बँड बंद.

मराठीत लिहिणार असाल तर एक गोम आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं. १६० चिन्हांचा निरोप ४८० बाइट होतो. जुनं इस्की, म्हणजे १९९१ चं भारतीय मानक, एका चिन्हाला एकच बाइट घेतं. दोन्हीकडे छोटी स्क्रिप्ट ठेवून पाठवण्याआधी इस्कीत बदला, तिसऱ्या हिश्श्यात काम होतं. किंवा सरळ रोमनमध्ये लिहा, पण मग "मल" वाचायचं की "माळ" हे लंडनवाल्याने ठरवायचं.

मध्यमलहर | शनिवार, सकाळी ९:१०

आकाशवाणीचं नागपूरचं १५६६ किलोहर्ट्झवरचं एक हजार किलोवॅटचं केंद्र विसरू नका, राष्ट्रीय वाहिनी त्यावरूनच चालायची. रात्री आयनोस्फिअरचा खालचा डी थर विरला की मध्यम लहरीसुद्धा उडी मारतात आणि शेजारच्या देशांत साध्या ट्रान्झिस्टरवर ऐकू येतात. एकतर्फी निरोपाला याहून सोपा ग्रहणसंच नाही. दिवसा मात्र तोच डी थर सगळं गिळतो.

वीस_मीटर | शनिवार, सकाळी १०:२७

वेळ हाच अर्धा खेळ आहे. ढोबळमानाने, उन्हं कलली की २० मीटर युरोपकडे उघडतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत चालतो. सूर्याच्या तेजीच्या वर्षांत १५ आणि १० मीटर भर दुपारीच उघडतात. सध्याच्या पंचविसाव्या सौरचक्राची तेजी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली, उतरणीलाही दोनेक वर्षं बरी जातात. मध्यरात्रीनंतर ४० मीटर.

नागपूरची एक खास भानगड सांगतो, इंग्लिश पुस्तकं वाचून इथे फसायला होतं. चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जातं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आयनोस्फिअर फुगलेला असतो. फुगवट्याचा उत्तरेकडचा माथा मध्य भारतावर पडतो. त्यामुळे दुपारी आपल्याकडे युरोपपेक्षा वरच्या बँडना जास्त वाव मिळतो. पण सूर्यास्तानंतर दोन-चार तास याच थरात बुडबुडे उठतात. सिग्नल जोरदार दिसतो पण फडफडतो, आवाज पाण्याखालून आल्यासारखा, आणि व्हाराचा वेग अचानक तळाला जातो. वीज वाढवून उपयोग नाही, सिग्नल कमी नाहीच मुळी. अरुंद मोडवर उतरा किंवा उशिरापर्यंत थांबा. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला हे सगळ्यात जास्त.

बँड उघडा आहे की नाही हे इंटरनेटशिवाय कसं ओळखायचं? १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झवर जगभरची १८ बीकन, म्हणजे आपोआप खूण पाठवणारी केंद्रं, पाळीपाळीने बोलतात. प्रत्येक दहा सेकंद, तीन मिनिटांत फेरी पूर्ण. कॉलसाइन मोर्समध्ये, मग चार लांब डॅश, अनुक्रमे १००, १०, १ आणि ०.१ वॅटचे. फिनलंडच्या ओएच२बी चे तीन डॅश ऐकू आले, तर एक वॅट तिथून इथे पोचतोय. आपल्याला सगळ्यात जवळचं श्रीलंकेचं ४एस७बी, ते ऐकून युरोपचा अंदाज बांधू नका.

काऊन_बे | शनिवार, सकाळी १०:५०

घड्याळाचं काय? एफटी८ ला सेकंदाची चूक चालत नाही म्हणतात. इंटरनेट नाही, आणि जीपीएस तर उपग्रहच झाला ना बे!

वीस_मीटर | शनिवार, सकाळी ११:१५

बरोबर पकडलं. लॅपटॉपचं घड्याळ दिवसाला सेकंद-दोन सेकंद सहज सरकतं, आणि चूक सेकंदाच्या वर गेली की समोरचा काहीच वाचत नाही. रेडिओवरचे कालसंकेत वापरा. चीनचं बीपीएम ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर, मॉस्कोचं आरडब्ल्यूएम ४९९६, ९९९६ आणि १४९९६ किलोहर्ट्झवर. बीपीएम प्रत्येक अर्ध्या तासाच्या शेवटच्या चार-पाच मिनिटांत वेगळ्या मोजणीचा, पृथ्वीच्या फिरण्यावरून काढलेला यूटी१ वेळ देतं. त्यावर घड्याळ लावलं तर सेकंदाच्या अंशाची चूक आत शिरते. तेवढी मिनिटं टाळा.

तारामंडळ | शनिवार, दुपारी १:३०

धागाकर्त्यांना नियमाबद्दल विचारायचं होतं. चंद्र हा उपग्रहच आहे. चालतो का?

झिरोमाईल (धागाकर्ता) | शनिवार, दुपारी १:३४

देवाने सोडलेला चालेल.

तारामंडळ | शनिवार, दुपारी २:१०

मग ऐका. अमेरिकन नौदलाने १९५९-६० च्या सुमारास हवाई ते वॉशिंग्टन टेलीप्रिंटर चंद्रावरून चालवला होता, त्यामुळे हा केवळ छंदिष्टांचा उद्योग नाही. सरासरी अंतर ३,८४,४०० किमी, जाऊन-येऊन अडीच सेकंद. चंद्र आपटलेल्या ऊर्जेचा सातेक टक्केच परत फेकतो, तोही सगळीकडे. १४४ मेगाहर्ट्झला एकूण घट साधारण २५२ डेसिबल, १२९६ ला २७१. १४४ वर चार लांब यागी अँटेना आणि ४०० वॅट, किंवा १२९६ वर तीन मीटरची डिश आणि २०० वॅट. प्रीॲम्प, म्हणजे आलेला क्षीण सिग्नल वाढवणारा, अँटेनाच्या खांबावरच, खाली ठेवला तर कोॲक्सची घट थेट ग्रहणातून जाते. क्यू६५ मोडमध्ये मिनिटाला ७७ बिट, बस्स. आणि दोघांनाही चंद्र एकाच वेळी दिसायला हवा. लंडनसाठी साधारण सहा-सात तासांची खिडकी रोज मिळते, न्यूयॉर्कसाठी तासभर-दीड. फायदा एवढाच की आयनोस्फिअरचे नखरे जवळजवळ नाहीत, येणारी खिडकी वर्षभर आधी मिनिटासह सांगता येते.

उल्कांचंही सांगून टाकतो. ८० ते १२० किमी उंचीवर उल्का जळते, तिच्या आयनित रेषेवरून ४०-५० मेगाहर्ट्झच्या लहरी परततात, अर्धा सेकंद वगैरे. अमेरिकेत बर्फमापनाची स्नोटेल यंत्रणा यावरच उभी राहिली. पल्ला २००० किमीपर्यंत, म्हणजे काठमांडू, ढाका, कोलंबो बसतात, दुबई बसत नाही. पहाटे सहाच्या सुमारास उल्का सगळ्यात जास्त, कारण तेव्हा पृथ्वीची आपली बाजू पुढे तोंड करून धावत असते. संध्याकाळी सहाला सगळ्यात कमी. सरासरी वेग सेकंदाला काही दहा बिट.

ट्रोपो_काका | शनिवार, सायंकाळी ५:४५

हिमालय ओलांडायला काचच हवी असं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत ताजिकिस्तान आणि काश्मीर यांच्यात ट्रोपोस्कॅटर दुवा होता. पामीरच्या डोक्यावरून, मधे एकही मनोरा न उभारता. दोन्ही बाजूंच्या प्रचंड डिश क्षितिजावरच्या हवेच्या एकाच तुकड्याकडे रोखायच्या, तिथल्या खळबळीतून विखुरलेला कणभर सिग्नल पकडायचा. ३०० किमीवर मोकळ्या जागेतल्या घटीखेरीज आणखी साठेक डेसिबल जातात. म्हणून अलास्कातल्या व्हाइट ॲलिस जाळ्यात ९०० मेगाहर्ट्झला १० किलोवॅट आणि १८ ते ३६ मीटरच्या अँटेना होत्या.

फेडिंग इतकं वेगवान की एका वाटेवर विसंबता येत नाही. प्रत्येक टोकाला दोन डिश, दोन वारंवारिता, अशा चार प्रती घेऊन जोडायच्या. आज मॉडेम चांगले झाल्याने शे-दोनशे किमीला काही दहा मेगाबिट निघतात. पण लंडनला ३०० किमीच्या पंचवीस उड्या, पंचवीस ठिकाणी जनरेटर आणि पंचवीस ठिकाणी पहारा. एका सीमेपुरतं वापरा, खंडासाठी नाही.

डार्कफायबर | शनिवार, सायंकाळी ६:२०

तेच स्ट्रॅटोस्फिअरबद्दल. २० किमी उंचीवरून क्षितिज ५०० किमी, म्हणजे दोन विमानं एकमेकांना १००० किमीवरून दिसतात. लंडनला आठ पुरतील असं गणित सांगतं. सौरऊर्जेवरचं झेफायर २०२२ मध्ये ६४ दिवस हवेत राहिलं. पण फुग्यांचा लून प्रकल्प जानेवारी २०२१ मध्ये बंद झाला आणि आठ देशांच्या आकाशाची परवानगी ही आठ विमानांपेक्षा अवघड. लेझरचा टारा ब्राझाव्हिल-किन्शासा मधली कांगो नदी उत्तम ओलांडतो, जेमतेम पाच किमी. आपल्या जुलैतल्या धुक्यापावसात तेवढंही कठीण.

अंकगणित_ताई | शनिवार, सायंकाळी ६:५५

न्यूट्रिनोचं कोणी विचारण्याआधी सांगते. २०१२ मध्ये फर्मीलॅबने एक शब्द पाठवला, सुमारे एक किमी, त्यात २४० मीटर खडक. वेग सेकंदाला ०.१ बिट. शब्द होता "न्यूट्रिनो".

अतिनीच वारंवारिता, तिरुनेलवेलीच्या आयएनएस कट्टबोम्मनचं १८.२ किलोहर्ट्झ, जगभर पोचते, पण लहरीची लांबी साडेसोळा किलोमीटर. अँटेना पाणबुडीवाल्यांनाच परवडते.

उलट सगळ्यात दुर्लक्षित मार्ग सोनेगाव विमानतळाचा. २० टेराबाइटच्या दहा डिस्क हँडबॅगेत बसतात. दारापासून दारापर्यंत २४ तास धरले तर सरासरी साडेअठरा गिगाबिट. लघुलहरीच्या एक कोटीपट. दोन प्रती वेगवेगळ्या माणसांकडे, चेकसम कागदावर छापून, आणि डिस्क फोमच्या डब्यात. लगेज बेल्टवरचा एक आपटा पॅकेट लॉस समजा, फक्त पॅकेट २०० टेराबाइटचं.

काऊन_बे | शनिवार, रात्री ८:१०

हे बाकी खतरनाक आहे. म्हणजे तातडीचा निरोप रेडिओवर, बाकी सामान विमानानं. बँकेचे निरोप पण रेडिओवर जातील का?

वीस_मीटर | शनिवार, रात्री ८:४०

हौशी परवान्यावर नाही. व्हीयू२ असो की व्हीयू३ (हौशी परवान्याच्या कॉलसाइनच्या दोन मालिका), सांकेतिक भाषा चालत नाही आणि धंद्याचा निरोपही नाही. त्यासाठी वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विभागाकडून वेगळा स्थिर सेवेचा परवाना आणि ठरलेल्या वारंवारिता लागतात. तिथे रुंद चॅनेलही मिळू शकतं. लष्करी मानकात ४८ किलोहर्ट्झवर २४० किलोबिटपर्यंत मजल आहे, पण त्यासाठी डायपोल नव्हे तर लॉग-पिरिऑडिक अँटेना आणि किलोवॅट. शिकागोचे शेअरदलाल युरोपकडे लघुलहरी वापरतात ते जास्त बिट पाठवण्यासाठी नाही, उशीर वाचवण्यासाठी. काचेत प्रकाश एक तृतीयांश मंदावतो, हवेत नाही. लंडन आपल्याला हवेतून २५ मिलिसेकंद.

विनलिंक, म्हणजे रेडिओवरून ईमेल, वापरणाऱ्यांनी एक तपासा. तुमची मेल ज्या गेटवेवर उतरते त्याचं पुढचं इंटरनेट कुठून येतं? मुंबईचा गेटवे या धाग्याच्या अटीत आंधळा आहे. युरोपातला थेट गाठा, किंवा दोन्ही टोकांना ठरलेली वेळ आणि वारंवारिता लावून पीअर-टू-पीअर करा. बँड बिघडला तर पर्यायी वारंवारिता आधीच कागदावर लिहून द्या. मे २०२४ सारखं सौरवादळ आलं की ठरवायला फोन नसतो.

झिरोमाईल (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९:०२

शेवटचं. वीज आणि अर्थिंग.

वीस_मीटर | शनिवार, रात्री ९:३३

१०० वॅटची रिग पूर्ण जोरात २० अँपिअर ओढते, ऐकताना एक-दीड. पण डिजिटल मोड सलग वाजतात, रिग एसएसबीच्या, म्हणजे आवाजाच्या, तुटक बोलण्यासाठी बनलेली. ३० वॅटवर ठेवा आणि एएलसीची (आवाजाचा जोर जादा झाल्याचं दाखवणारी) पट्टी हलू देऊ नका, नाहीतर सिग्नल पसरून शेजाऱ्यांचा बँड खातो. ३० वॅटला दहा-बारा अँपिअर, निम्मा वेळ ऐकण्यात, म्हणजे सरासरी सहा-सात. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी पंधरा तास काढते. चार्जर स्विचिंगचा असेल तर ऐकताना बंद.

आरजी-५८ ला १४ मेगाहर्ट्झवर १०० मीटरला पाचेक डेसिबल घट, आरजी-२१३ ला अर्धी. तीस मीटरच्या आत फरक सोसतो.

अर्थिंगला आपली काळी माती फसवी आहे. पावसाळ्यात रोध छान उतरतो आणि मोजणी त्याच वेळी होते. एप्रिल-मेमध्ये माती सळईपासून भेगाळून सुटते. तीन मीटरची सळई, भोवती बेंटोनाइट, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी. पश्चिमेकडे, वाडीच्या बाजूला, वरच थोड्या खोलीवर बेसाल्ट लागतो. तिथे एक खोल सळई ठोकत बसण्याऐवजी तीन उथळ सळया दोन-दोन मीटरवर घालून पट्टीने जोडा. कडाडणाऱ्या विजेपासून वाचवणारा गॅस डिस्चार्ज अरेस्टर कोॲक्स घरात शिरते तिथे, आणि त्याचं अर्थिंग घराच्या अर्थिंगशी बांधलेलं, वेगळं नाही.

मृगाआधीच्या वळवात तीस किमीवरची वीजसुद्धा ४० मीटरवर कडकडते. ती ऐकू आली की कोॲक्स काढून खिडकीबाहेर. रिगपासून नुसती सोडून ठेवू नका, टोक जमिनीला टेकवा.

काऊन_बे | शनिवार, रात्री ९:४१

खिडकीबाहेर टोक सोडलं अन् माकडांनी नेलं तर?

वीस_मीटर | शनिवार, रात्री ९:५०

पीव्हीसीच्या दीड इंची पाइपात घाला, वरून टोपण.